कोल्हापुरात अ‍ॅक्सोलॉटल: पाळण्यापासून पिल्लं काढण्यापर्यंत

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. अ‍ॅक्सोलॉटल हा पाण्यातला प्राणी आणायच्या आधी पाणी गार ठेवायची सोय करा. मी उलटं केलं होतं. फेब्रुवारीत प्राणी आणला, तेव्हा घर गार होतं, सगळं मस्त चाललेलं, मला वाटलं उन्हाळ्यात फॅन लावला की भागेल. एप्रिलमध्ये एका दुपारी चार तास लाइट गेली आणि टाकीतलं पाणी 29 डिग्रीवर. त्याचे कल्ले पुढं वळले, खाणं सुटलं, पाचव्या दिवशी गेला. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

दुकानात ह्याला 'वॉकिंग फिश' म्हणून विकतात पण हा मासा नाही. हा सॅलमँडर आहे, म्हणजे बेडकाच्या बिरादरीतला उभयचर. बाकीचे बरेच सॅलमँडर मोठे झाले की कल्ले टाकून जमिनीवर येतात, हा आयुष्यभर पाण्यातच राहतो आणि त्याच रूपात अंडी घालून पिल्लंही काढतो. मूळ गाव मेक्सिको सिटीजवळचं सोचिमिल्को, तिथले गार पाण्याचे कालवे. तिथं आता जवळजवळ संपलाय, 1998 च्या मोजणीत एका चौरस किलोमीटरला साधारण 6000 होते, 2014 ला 36. जगभर टाक्यांमधे लाखो आहेत आणि स्वतःच्या घरात मूठभर, हे कळल्यापासून मला ह्या प्राण्याकडं बघताना जबाबदारी वाटते.

नीट ठेवला तर 10 ते 15 वर्षं जगतो. लहान मुलांच्या हट्टाखातर घेणार असाल तर हा आकडा घरात सगळ्यांना सांगून मगच घ्या.

1. कायदा आणि कागद

हे आधी करा, नंतर करू म्हणून ठेवू नका. अ‍ॅक्सोलॉटल आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारात परिशिष्ट 2 मधे आहे. 2022 ला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि सायटीसमधले प्राणी कायद्याच्या अनुसूची 4 मधे आले. त्याचे नोंदणीचे नियम 2024 ला आले. त्याप्रमाणं असा प्राणी ताब्यात आला की 30 दिवसांत 'परिवेश 2.0' पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडं जातो, त्यांचं ऑफिस नागपूरला, पण सगळं ऑनलाइन असल्यामुळं जावं लागत नाही. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, प्राणी मेला, हे सगळं पण कळवावं लागतं. पिल्लं काढायचा विचार असेल तर सुरुवातीलाच आपल्या वनखात्याच्या ऑफिसात जाऊन सध्याचे नियम आणि मुदती विचारून या, समोरासमोर विचारलेलं बरं.

मी एका फाइलमधे हे ठेवलंय: आधार, पत्त्याचा पुरावा, विकणाऱ्याची पावती, त्याच्या नोंदणीची प्रत, प्रत्येक प्राण्याचे वरून आणि बाजूनं काढलेले फोटो, आणि तारखांची वही.

विकणारा म्हणाला "कागद काय लागत नाय भावा, सगळे असंच घेतात", तर तिथून उठा.

अजून एक. दार्जिलिंग, सिक्कीमच्या बाजूला आपला भारतीय सॅलमँडर आहे, त्याला कायद्याचं संरक्षण आहे, तो पाळायचा विचारही नको. आपल्या इकडं जंगलात सॅलमँडर नाहीतच. पावसाळ्यात आंबोलीकडं दिसणारं देवगांडूळ हा त्यांचा लांबचा भाऊबंद, त्यालाही उचलून आणायचं नाही.

2. टाकी आणि स्टँड

एका प्राण्याला कमीत कमी 75 लिटर. पण मी सांगेन थेट 3 फूट बाय दीड बाय दीडची टाकी करा, काठोकाठ भरली तर 190 लिटरच्या आसपास बसतं आणि दोघं आरामात राहतात. जास्त पाणी म्हणजे तापायलाही वेळ लागतो आणि घाणही लवकर चढत नाही. भरल्यावर काच, पाणी, स्टँड मिळून सव्वादोनशे किलोच्या वर वजन जातं, त्यामुळं टीपॉयवर किंवा प्लायच्या कपाटावर ठेवू नका. उद्यमनगरात कुठल्याही वेल्डिंगवाल्याला माप दिलं की लोखंडी अँगलचा स्टँड करून देतो. स्टँडवर थर्मोकोल टाकून मग टाकी ठेवा.

तळाला खडी टाकू नका. हा प्राणी तोंड उघडून समोरचं सगळं आत ओढतो, खडे पोटात जाऊन अडकतात आणि त्यातच जातो. तळ मोकळा ठेवा, नाहीतर एकदम बारीक वाळू. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे (कडा घासून घ्या), मातीची कुंडी आडवी ठेवा. ह्याला पापण्या नाहीत, भडक लाइट लावू नका. वर झाकण पाहिजेच, उडी मारतो.

फिल्टर म्हणून मोठा स्पंज फिल्टर एअर पंपवर. जोराचा प्रवाह ह्याला सहन होत नाही, मोटार लावली तर पाण्याची धार काचेवर आपटेल अशी फिरवा.

3. गारवा

इथं पैसे खर्च करा, बाकी कुठंही वाचवा.

पाणी 16 ते 18 डिग्री पाहिजे. 20 पर्यंत ठीक. 22 च्या वर गेलं की प्राण्यावर ताण यायला लागतो, 24 च्या वर दिवसेंदिवस राहिलं की आजार ठरलेलाच. आता आपलं गाव बघा. डिसेंबर-जानेवारीत रात्री 15 च्या आसपास जातं, तेव्हा पाणी आपोआप 20 च्या जवळ राहतं आणि माणूस फसतो. मार्च ते मे दुपारी 36-38, तेव्हा बंद खोलीतलं पाणी सहज 28 ला जातं. पावसाळ्यात हवा गार असली तरी माझ्या टाकीत चिलर (पाणी गार करणारं मशीन) बंद केल्यावर 24-25 दाखवतं. म्हणजे वर्षातले दोनच महिने निसर्ग मदत करतो.

फॅन पाण्याच्या वाफेवर काम करतो, कोरड्या उन्हाळ्यात 2 ते 4 डिग्री उतरवेल, आणि जुलैत हवेतच इतका ओलावा असतो की त्याचा काही उपयोग नाही. ऑनलाइन मिळणारे छोटे पेल्टियर कूलर घेऊ नका, मी एक घेतला होता, एवढ्या टाकीला त्यानं एक डिग्रीसुद्धा धड उतरत नाही. कॉम्प्रेसरवालाच चिलर घ्या, आणि कंपनी जेवढ्या लिटरला सांगते त्याच्यापेक्षा एक साइझ मोठा, कारण तो आकडा आपल्या मेच्या दुपारला धरून लिहिलेला नसतो. चिलर मागून गरम हवा फेकतो, त्यामुळं स्टँडखालच्या बंद कपाटात कोंबू नका. टाकीच्या तीन बाजूंना आणि तळाला थर्मोकोल लावा, चिलर कमी वेळ चालतो आणि बिलात फरक दिसतो.

लाइट गेल्यावर काय, हे आधी ठरवा. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर चिलर झेपतो की नाही हे इलेक्ट्रिशियनला विचारा, कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतो. माझ्याकडं एअर पंप इन्व्हर्टरवर आहे, आणि फ्रीजरमधे एक लिटरच्या सहा बाटल्या कायम गोठवलेल्या असतात. लाइट गेली की एक बाटली टाकीत, थर्मामीटरवर नजर, ती वितळली की दुसरी. दोन-तीन एकदम टाकू नका, अचानक पाच डिग्री उतरलं तर तोही धक्काच. रोज बाटल्यांवर टाकी चालवणारे लोक आहेत, पण पाणी दिवसभर खालीवर होत राहतं, प्राणी आजारी पडतो आणि माणूस थकतो.

4. पाणी मुरवायचं

टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी प्राणी सोडला असं करू नका. प्राण्याच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विष आहे. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते थोडं चालतं. हे जिवाणू स्पंजमधे वस्तीला यायला 4 ते 8 आठवडे लागतात. मी रिकाम्या टाकीत कोळंबीचा तुकडा जाळीत बांधून टाकला, तो कुजून अमोनिया देतो, आणि एक दिवसाआड टेस्ट किटनं मोजत बसलो. सहा आठवडे लागले. अमोनिया 0, नायट्राइट 0 आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. थेंबांचं लिक्विड किट घ्या, पट्ट्यांवर भरवसा नको.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. अँटीक्लोरिन टाका, किंवा ड्रममधे 24 तास हवा सोडून ठेवा. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की आमच्याकडं नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा मी दोन्ही करतो. बोअरचं पाणी जड असतं, पण अ‍ॅक्सोलॉटलला थोडं जड पाणीच आवडतं, पीएच 7.4 ते 7.6 चांगला, त्यामुळं बोअर आहे म्हणून घाबरू नका, एकदा मोजून घ्या.

दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. स्पंज नळाखाली धुवू नका, क्लोरीननं जिवाणू मरतात आणि दीड महिन्याची मेहनत वाया जाते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

आणि पंचगंगेला पूर आला की उपसा केंद्रं पाण्याखाली जाऊन शहराचं नळाचं पाणी बंद पडतं, 2019 ला झालं, 2021 ला परत झालं. जूनपासून 200 लिटरचा एक झाकणाचा ड्रम भरून ठेवा. झाकण घट्ट असू दे, डासांच्या अळ्या झाल्या तर डेंग्यूला आपणच आमंत्रण दिल्यासारखं.

5. प्राणी निवडणं आणि घरी आणणं

निदान 8 सेंटीमीटरचं पिल्लू घ्या, त्याहून लहान फार नाजूक. कल्ल्यांचे तुरे भरगच्च पाहिजेत, डोकं पोटापेक्षा फार रुंद दिसलं तर उपाशी ठेवलेलं असतं. एखादा पाय अर्धा असला तर घाबरू नका, पाय परत येतो, ह्या प्राण्याची खासियतच ती आहे. दुकानदाराला खायला घालून दाखवायला सांगा.

मुंबई-पुण्याहून बसच्या पार्सलनं मागवणार असाल तर नोव्हेंबर ते जानेवारीतच आणि रात्रीच्या गाडीनं. थर्मोकोलचा डबा, आत कागदात गुंडाळलेली गोठवलेली बाटली. एप्रिलमधे कोणी पाठवतो म्हणाला तर नको म्हणा.

6. खाणं

गांडूळ. ह्याच्यापेक्षा पूर्ण आहार दुसरा नाही, आणि आपल्या जिल्ह्यात गांडूळ खताचे बेड गावोगाव आहेत. पण एक गोची आहे. खताच्या बेडमधे बहुतेक दोन जाती असतात. एक छोटं लाल-पट्टेवालं, आयसेनिया, ते दाबलं की पिवळा कडू द्रव सोडतं, अ‍ॅक्सोलॉटल तोंडात घेऊन थुंकतो. दुसरं जाड लांब जांभळट, आफ्रिकन युड्रिलस, ते आवडीनं खातो. मागताना "आफ्रिकन द्या" म्हणा. माझ्या आत्त्याचे मिस्टर शिरोळला ऊस करतात, त्यांच्या बेडमधून मी आणतो, पण फवारलेल्या शेतातलं किंवा बांधावरचं उकरलेलं गांडूळ कधीच नाही. आणलेली गांडुळं दोन दिवस ओल्या कोकोपीटमधे ठेवली की पोट साफ होतं. फ्रीजमधे ठेवू नका, आफ्रिकन जात गारठ्यानं मरते. (आईला मी हे कारण सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं.)

मोठ्याला आठवड्यात दोन-तीनदा, लहानाला रोज. जोडीला बुडणारे पेलेट. जिवंत मासे खायला सोडू नका, त्यांच्यातून परजीवी येतात आणि ते मासे ह्याचे कल्ले कुरतडतात. खाऊन उरलेलं अर्ध्या तासात काढा.

7. आजारपण

कापसासारखी पांढरी बुरशी कल्ल्यावर दिसली तर आधी तापमान आणि अमोनिया बघा, दहातल्या नऊ वेळा माझ्याकडं कारण तिथंच सापडलंय. प्राणी वेगळ्या डब्यात गार, क्लोरीन काढलेल्या पाण्यात ठेवा, पाणी रोज पूर्ण बदला. देशी बदामाची वाळलेली पानं धुऊन टाका, पाणी चहासारखं होतं आणि बुरशी आटोक्यात राहते. मिठाच्या पाण्यात ठेवायचं झालं तर लिटरला चहाचे 2 चमचे आणि 10 मिनिटांच्या वर नाही, आणि मीठ आयोडीनवालं नको, किराणा दुकानातलं साधं खडे मीठ पाकीट वाचून घ्या. माशांची औषधं अंदाजानं ओतू नका, ह्याची कातडी सगळं शोषून घेते.

8. जोडी लावायची का आणि कधी

आधी मोजा. एक मादी एका वेळी 100 पासून 1000 पर्यंत अंडी घालते. माझ्या मादीनं पहिल्यांदा साडेतीनशेच्या आसपास घातली. त्यातली किती पिल्लं तुम्ही वाढवू शकता, कोणाला देणार, हे कागदावर लिहा. उत्तर नसेल तर नर-मादी वेगळ्या टाकीत ठेवा, एकत्र ठेवून "बघू" म्हणू नका.

नराच्या शेपटीच्या मुळाशी फुगीर गाठ दिसते, मादीकडं ती नसते आणि ती पोटाला गोलसर दिसते. वर्षभराच्या आत खात्री देता येत नाही. मादी निदान दीड वर्षाची होऊ द्या, त्याआधी तिची स्वतःची वाढच चालू असते. दोघं एकाच लॉटमधली भावंडं नकोत. आपल्याकडं बहुतेक माल त्याच त्या दोन-चार ठिकाणचा फिरत असतो, म्हणून नर आणि मादी वेगळ्या गावाहून, वेगळ्या वर्षी घेतलेले बरे. पांढरा गुलाबी कल्लेवाला सगळ्यांना पाहिजे असतो, पांढऱ्याला पांढरा लावला तर सगळी पिल्लं पांढरीच निघतात, पण रंगापेक्षा अंगानं दणकट जोडी बघा.

डिसेंबरची थंडी चांगली वेळ. मी दोन आठवडे पाणी 20 वर ठेवतो आणि मग दोन-तीन दिवसांत 16 वर आणतो, आणि संध्याकाळी दोघांना एकत्र सोडतो. तळाला खरखरीत फरशीचे तुकडे पाहिजेत. नर मादीला ढुश्या देत फिरतो, नाचल्यासारखा पुढं चालतो आणि फरशीवर जेलीचे छोटे शंकू सोडतो, वर पांढरा ठिपका. मादी त्यावरून जाताना तो ठिपका आत घेते. गुळगुळीत काचेवर ते शंकू टिकत नाहीत. सकाळी शंकू दिसले की नर बाहेर काढा. पुढच्या एक ते तीन दिवसांत मादी प्लास्टिकच्या किंवा खऱ्या पानांवर एकेक करत अंडी चिकटवते. झालं की तिलाही बाहेर काढा, ती अंडी खाते. तिला पोटभर गांडुळं आणि निदान सहा महिने सुट्टी. एका हंगामात दोनदा जोडी लावून मादी खंगलेली मी दुसऱ्याकडं बघितली आहे, ती परत सावरली नाही.

9. अंडी

पानासकट अंडी वेगळ्या टबात घ्या, तिथं हलकी हवा सोडा. 18-20 डिग्रीला साधारण 2 ते 3 आठवडे लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर गोल ठिपका लांबट व्हायला लागतो, म्हणजे चालू आहे. पांढरी पडलेली रोज वेचून टाका, नाहीतर बुरशी शेजारच्यावर जाते.

जेवढी झेपतील तेवढीच ठेवा. मी साडेतीनशेतली 40 ठेवली. बाकीची पहिल्या दोन दिवसांतच डब्यात घालून फ्रीजरमधे. वाईट वाटतं, पहिल्यांदा मला हात लावायला अर्धा तास लागला, पण त्या वेळी ती नुसती पेशींची गोळी असते, आणि पुढं तीनशे पिल्लं एकमेकांचे पाय तोडत उपाशी मरण्यापेक्षा हे बरं. ओढ्यात, रंकाळ्यात, कळंब्यात सोडायचं नाही. अंडी नाही, पिल्लं नाहीत, टाकीचं पाणीसुद्धा तळ्यात ओतायचं नाही, परक्या टाकीतला रोग आपल्या बेडकांना लागू शकतो.

10. पिल्लं: पहिले दोन महिने

खरी मेहनत इथं आहे. सुट्टीचा, लग्नसराईचा, परीक्षेचा काळ बघून मगच जोडी लावा, कारण हे दोन महिने घर सोडता येत नाही.

निघालेलं पिल्लू एक सेंटीमीटरच्या आसपास असतं. पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर जगतं. मग भूक लागते आणि ते फक्त हलणारंच खातं. पेलेटचा चुरा, अंड्याचा बलक, काही चालत नाही, नुसतं पाणी सडतं. म्हणून ब्राइन श्रिम्पची (खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव) अंडी आधीच आणून ठेवा. ती उबवायला प्लास्टिकची बाटली उलटी कापून, एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम खडे मीठ, जोरात हवा, 26-28 डिग्री, आणि लाइट. 24 ते 36 तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतात. जानेवारीत आपल्याकडं रात्री गार पडतं, बाटलीजवळ बल्ब ठेवा नाहीतर निघतच नाहीत. चहाच्या गाळणीला सुती कापड लावून गाळा, गोड्या पाण्यानं धुवा, मग द्या. रोज दोन वेळा. दोन बाटल्या बारा तासांच्या फरकानं लावायच्या म्हणजे खंड पडत नाही. डाफ्निया (पाण्यातला पिसवेएवढा जीव) मिळाला तर तोही छान, गोड्या पाण्यात जिवंत राहतो त्यामुळं घाण कमी.

पिल्लं मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवली. सुरुवातीला एका डब्यात पाच, आणि दोन सेंटीमीटरची झाली, पुढचे पाय फुटले, की एकेक. हे टाळू नका. त्या वयात समोर हललेला भावाचा पायही त्यांना खाणंच वाटतं. पाय परत येतात खरे, पण मेलेलं पिल्लू परत येत नाही. 40 डबे, रोज प्रत्येकाचं पाणी बदलायचं, पाणी तेवढंच गार. मी सकाळी सहाला बसायचो, सव्वा तास लागायचा. 40 पैकी 31 वाढली. जी गेली त्यातली बहुतेक दुसऱ्या आठवड्यात, एका दिवशी ब्राइन श्रिम्पची बाटली फसली तेव्हा.

पाच सेंटीमीटरला बारीक चिरलेलं गांडूळ आणि छोटे पेलेट चिमट्यानं हलवून दाखवले की शिकतात.

11. पिल्लं द्यायची

8 सेंटीमीटरच्या आधी कोणाला देऊ नका. पिल्लांच्या जन्माची नोंद आणि देता-घेतानाची नोंद दोन्ही बाजूंनी करायची, घेणाऱ्याला हे आधीच समजावा, जो कंटाळतो त्याला देऊ नका. सोबत एक आठवड्याचं खाणं आणि वापरलेल्या स्पंजचा एक तुकडा द्या, त्याची टाकी लवकर बसते.

मी घेणाऱ्याकडं एकच गोष्ट मागतो: त्याच्या टाकीत बुडवलेल्या थर्मामीटरचा फोटो, दुपारी तीन वाजताचा, सलग चार दिवस. गेल्या मार्चमधे तिघांनी पाठवले. दोघांचे 18 आणि 19 होते, ते त्याच आठवड्यात घेऊन गेले. तिसऱ्याचा 27 होता. कॉलेजचा पोरगा, लई हौशी, पैसे साठवत होता. त्याचं पिल्लू मी त्याच्या नावाची चिठ्ठी लावून माझ्याकडंच ठेवलं, तो दर रविवारी येऊन खायला घालायचा, आणि जूनमधे चिलर बसवून चार दिवसांचे फोटो दाखवले तेव्हा घेऊन गेला.